ओवाळणी कुणाच्या ताटात?

ज्याच्या हातात थापी आहे त्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न दिवाळीच्या अंकात विचारणे पुष्कळांना रुचणार नाही. चकली-कडबोळ्यांच्या सोबतीला चार कथा, दोन कविता, एखादे प्रवासवर्णन आणि शेवटी वर्षाचे राशिभविष्य, असा आपला शिरस्ता. त्यात कुठल्या दूरदेशीच्या सरकारने परदेशी गवंडी आणण्यासाठी किती पैसे मोजले, याची उठाठेव कशाला? पण वाचकहो, ज्या खोलीत बसून आपण हा अंक चाळीत आहात तिच्या भिंती कुणीतरी ओळंब्यात धरल्या आहेत. त्याला वास्तुशांतीच्या जेवणाचे आवतण होते की नव्हते, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. तेवढी आठवण झाली की माझा विषय परका राहणार नाही.

पश्चिम ऑस्ट्रेलिया हे राज्य आपल्या महाराष्ट्राच्या आठपट मोठे आहे आणि त्याची लोकसंख्या आहे सुमारे तीस लाख. म्हणजे एकट्या पुण्यात मावेल आणि वर जागा उरेल. त्यातले बहुतेक लोक पर्थ शहरात किंवा त्याच्या आसपास राहतात. उत्तरेला पिलबारा नावाच्या तांबड्या मुलखात लोखंडाच्या खाणी आहेत आणि त्या खाणींत पगार असे मिळतात की शहरातला सुतार, वीजकाम करणारा, नळकाम करणारा, जो तो हत्यारांची पेटी उचलून तिकडे धावतो. इकडे पर्थमध्ये घरे हवीत. शिवाय त्या शहराची एक जुनी खोड अशी की तिथले घर बहुधा दुहेरी विटांच्या भिंतीचे असते. लाकडी सांगाड्यावर फळ्या ठोकून भागत नाही. म्हणजे घर म्हटले की गवंडी आला. आणि गवंडी नाहीत. संपूर्ण ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून पाच वर्षांत बारा लाख घरे बांधण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्पाला पळीभर पाणी पुरते, घराला विटा आणि माणसे लागतात.

तेव्हा त्या राज्याच्या सरकारने २०२३ साली एक योजना काढली. बांधकामातला कुशल कारागीर परदेशातून आणावयाचा तर व्हिसा आणि त्याच्या अनुषंगाने होणारा जो खर्च, त्यापोटी दर कारागिरामागे दहा हजार डॉलरपर्यंत सरकारी मदत. आपल्या हिशेबाने पाच लाख रुपयांच्या वर. अशा अकराशे कारागिरांची तरतूद केली, म्हणजे एक कोटी दहा लाख डॉलर बाजूला काढून ठेवले.

आता हे वाचून आमच्याकडे दोन प्रकारचे लोक दोन प्रकारे हरखतात. पहिले म्हणतात, पाहा, त्या देशात गवंड्याला केवढी किंमत! दुसरे म्हणतात, पाहा, आमचा माणूस जगाला हवा आहे! माझा वाद दोघांशीही आहे. भाऊबीजेला ओवाळणी घालतात ती ओवाळणारणीच्या ताटात. दारात उभ्या असलेल्या टांगेवाल्याच्या हातात नव्हे. व्हिसाच्या या ओवाळणीचे मात्र उलटे आहे. मालकाच्या नावावर येणाऱ्या कारागिराचा मार्ग पाहिला, तर सरकारचा पैसा ज्या खर्चाला हातभार लावतो तो मुळात मालकाने करावयाचा खर्च आहे. गवंड्याच्या मजुरीत त्यामुळे एका डॉलरची भर पडत नाही. त्याच्या नावाने पैसा निघतो, त्याच्या अंगावरून जातो आणि दुसऱ्याच्या खिशात पोचतो.

ही माझी कुरापत नव्हे. त्यांच्याच कायद्याची रचना पाहा. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून असा नियम आहे की जो मालक परदेशी कारागीर आणील त्याने एक कर भरावा. धंदा लहान असेल, म्हणजे वर्षाची उलाढाल एक कोटी डॉलरच्या आत असेल, तर तात्पुरत्या व्हिसाच्या दर वर्षामागे बाराशे डॉलर. मोठा असेल तर अठराशे. कायमच्या व्हिसासाठी एकदाच तीन हजार किंवा पाच हजार. या पैशातून तिथल्या पोरांना कसब शिकवावे, हा हेतू. बाहेरून तयार माणूस आणतोस काय, मग घरचा माणूस तयार करण्याचा खर्च दे, असा सरळ न्याय. हा कर कारागिराच्या माथी मारण्यास मनाई आहे, तेही योग्यच. पण केंद्र सरकार एका हाताने मालकाकडून हे घेते आणि राज्य सरकार दुसऱ्या हाताने त्याच कारणासाठी त्याला मदत देते, तेव्हा शिक्षेचे काय उरले? मदतीची रक्कम कोणत्या पावतीवर दाखविली याला महत्त्व नाही. पैशाला रंग नसतो. मास्तराने छडी मारावी आणि हेडमास्तरांनी त्याच हातावर पेढा ठेवावा, असला हा प्रकार. आणि मी शाळेत पुष्कळ वर्षे काढलेली असल्यामुळे अशा पोराचे पुढे काय होते हे मला ठाऊक आहे.

परदेशी माणसाला सरकारी पैशाने आणणे हे त्या देशाला नवे नाही. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश लोकांना हाका मारून बोलावले. प्रौढ माणसाने दहा पौंड भरावेत, बाकीचे बोटीचे भाडे सरकार भरील. अट एवढीच की दोन वर्षे देशात राहावे, नाहीतर भाडे परत करावे. दहा लाखांहून अधिक लोक या मार्गाने गेले. त्यांना 'दहा पौंडवाले' असे थट्टेचे नाव पडले. आपल्यासारख्यांना तेव्हा दार बंद होते, कारण गोऱ्यांचा देश गोराच ठेवण्याचे त्यांचे धोरण १९७३ पर्यंत पुरते मोडीत निघाले नव्हते. पण गंमत पाहा, तेव्हाची मदत माणसाला होती. उतरल्यावर काम आवडले नाही तर तो दुसऱ्या धक्क्यावर, दुसऱ्या कारखान्यात जाऊ शके. त्याच वेळी युरोपातल्या निर्वासितांनाही आणले, पण त्यांना दोन वर्षे सरकार सांगेल ते काम करावे लागले. म्हणजे एकाच बंदरात उतरलेली दोन माणसे. भाडे दोघांचेही सरकारने दिलेले. एकाचे पाय मोकळे, दुसऱ्याच्या पायात दोरी. आजच्या गवंड्याचा व्हिसा या दोहोंपैकी कुणाच्या जवळचा आहे?

त्याला गिरमिट म्हणण्याइतका मी उतावीळ नाही. गिरमिटाची आठवण महाराष्ट्राला आहे; रत्नागिरीच्या बाजूचे आपलेच लोक मुंबईहून जहाजात बसून मॉरिशसच्या उसात गेले आणि आजही तिथे मराठी आडनावे आहेत. त्या करारात माणूस वर्षानुवर्षे एका मळ्याला बांधला जाई आणि मळा सोडला की कैद. आजचा ऑस्ट्रेलियाचा कायदा तसा नाही. त्यात चांगले जे आहे ते सांगितलेच पाहिजे. अशा कारागिराला अमुक एका रकमेच्या खाली राबवता येत नाही. ही रकमेची रेघ २०१३ पासून दहा वर्षे वर्षाला ५३,९०० डॉलरवर गोठून पडली होती, ती १ जुलै २०२३ ला ७०,००० वर नेली आणि १ जुलै २०२५ पासून ७६,५१५ वर. दहा वर्षे रेघ हलली नाही, ही त्यांना शोभा देणारी गोष्ट नव्हे. पण शेवटी हलली. मालक सोडला तर पूर्वी साठ दिवसांत दुसरा शोधावा लागे. जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस मिळतात, व्हिसाच्या सगळ्या मुदतीत मिळून ३६५. व्हिसाचा धाक घालून कुणाला राबविले तर तो गुन्हा ठरविला आहे. मालकत्व देण्यासाठी कारागिराकडून पैसे उकळणे तर २०१५ सालच्या डिसेंबरपासूनच बेकायदा आहे.

हे सगळे जमेला धरूनही मूळ गोष्ट राहतेच. १८० दिवस म्हणजे सहा महिने. परक्या मुलखात, इंग्रजी तोडकीमोडकी, बायकामुले सोबत असली तर घरभाडे चढते आहे, आणि दुसरा मालक असा शोधावयाचा की जो पुन्हा कागदपत्रे करील, पुन्हा तो कर भरील. नोकरीवर राहायचे की परत जायचे हे ज्याच्या सहीवर ठरते, त्याच्याशी मजुरीची घासाघीस कोण करणार? आणि नेमक्या याच मालकाच्या पाठीशी सरकार पैशाची थैली घेऊन उभे राहते. पर्थमध्ये गवंडी मिळत नाही, कारण खाण जास्त पगार देते. मग गवंड्याला जास्त द्या! बाजाराचा नियम भाजीवालीला कळतो तो बांधकामवाल्यांना का कळू नये? कांदा महागला म्हणजे सरकारने मला अनुदान द्यावे आणि भाजीवालीचा भाव मात्र जुनाच राहावा, असे मी म्हणालो तर मंडईत माझी काय शोभा होईल?

यावर उत्तर येते की घरे महाग होतील, आणि भाड्याने राहणाऱ्या गरिबांचेच हाल होतील. हा मुद्दा पोकळ नाही. घरांची टंचाई खरी आहे आणि लहान ठेकेदाराला एक माणूस आणण्याचा खर्च झेपत नाही हेही खरे. म्हणून मदत देऊच नका, असे माझे म्हणणे नाही. ती कुणाच्या नावाने द्यावी एवढ्यापुरतेच माझे भांडण आहे. तेच दहा हजार डॉलर कारागिराच्या नावावर ठेवा. तो ज्या मालकाकडे जाईल तिकडे उरलेली रक्कम जावो. एकाने त्रास दिला तर दुसऱ्याकडे जाताना त्याच्या गाठीला काही असेल. सरकारचा एक पैसा जास्त जात नाही, आणि दोरीचे टोक मालकाच्या मुठीतून सुटते.

आता आपल्या घरात येऊ. परक्याच्या कारभाराला नावे ठेवणे सोपे असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि त्याच वर्षी जुलैत शासननिर्णय काढला. दहा हजार तरुण पाठवायचे. यादीत परिचारिका आहेत, वाहनचालक आहेत, तसेच सुतार, रंगारी, नळकाम करणारे, विटा-फरशीचे गवंडी आहेत. जर्मन भाषा शिकविण्याचा खर्च आपल्या सरकारचा आणि राबविण्याचे काम शालेय शिक्षण खात्याकडे. पोराला एक भाषा यावी याचा मला आनंदच आहे. मी मास्तर आहे. पण हिशेब मांडून पाहा. पोर वाढविले आईबापांनी. अक्षरओळख दिली जिल्हा परिषदेच्या शाळेने. कसब दिले सरकारी आयटीआयने, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्या मिस्त्रीने शिव्या देत देत. भाषा शिकविली ती आपल्याच करातून. इतका शिजवून, वाढून, वर तूप घालून दिलेला घास ज्या कारखानदाराच्या पानात पडणार त्याने काय दिले? पर्थचे सरकार मालकाला मदत करते ते निदान आपल्या मालकाला करते. आपण परक्या मालकाला करतो, आणि वर छायाचित्र काढून घेतो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा तरी बरा, इथे आपण पीठ दळून त्याच्या घरी पोचविले आहे.

परिचारिकांच्या बाबतीत निदान जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली एक आचारसंहिता केली. जो देश दुसऱ्याच्या शिकलेल्या परिचारिका नेतो त्याने त्या देशाच्या गरजेचाही विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. पाळली जाते किती हा भाग वेगळा. पण तिथे एवढे तरी मान्य झाले की शिकलेला माणूस म्हणजे कुणीतरी केलेला खर्च आहे. गवंड्याचे कसब मात्र पावसासारखे आपोआप पडलेले समजतात.

माझ्या वर्गातून नववीत बाहेर पडलेल्या एका मुलाची गोष्ट इथे सांगणे भाग आहे. बाप गवंडी, बाप परांचीवरून पडला म्हणून पोराने पाटी टाकली आणि थापी उचलली. आज तो पस्तिशीचा आहे, पुण्याच्या बाजूला बंगल्यांची विटकामे करतो. उघड्या विटांच्या कामात, जिथे गिलाव्याखाली चूक लपविता येत नाही तिथे, त्याला दूरदूरून बोलावतात. सुतळी ताणून पाणसळ लावली तर तिला बोट दाखवायला जागा राहात नाही. असला माणूस पर्थला हवा आहे की नाही? हवा आहे. तो जाऊ शकेल की नाही? नाही. कारण त्याच्याजवळ कसब आहे, कसबाचा कागद नाही. तिकडे अर्जासोबत कामाचा लेखी पुरावा लागतो, इंग्रजीची परीक्षा लागते आणि पुष्कळांना कसबाची तपासणीही करून घ्यावी लागते, तिचे शुल्क वेगळे. त्याची मजुरी आयुष्यभर रोख मिळाली. कोणत्या मुकादमाने त्याला पत्र दिले असेल? शिवाय दहावी नसल्यामुळे पासपोर्टसुद्धा वेगळ्या शेऱ्याचा. १९८३ च्या कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देश, मलेशिया, जॉर्डन अशा ठरावीक देशांत जाताना सरकारची वेगळी परवानगी काढावी लागते. हेतू रक्षणाचा आहे हे मला मान्य. अडाणी माणसाला फसवू नये म्हणून. परंतु फसविणाऱ्याने कधी कुणाची दहावीची गुणपत्रिका पाहिली आहे?

या मुलालाही एक भेटलाच. ऑस्ट्रेलियाचा मालक देतो, चार लाख पडतील, असे सांगणारा. 'सरकारचीच स्कीम आहे' म्हणाला, आणि पुरावा म्हणून मोबाइलमध्ये त्याच योजनेची बातमी दाखविली! म्हणजे जी मदत कारागिराचा मार्ग सुकर व्हावा म्हणून निघाली, तीच इथे त्याला लुटण्याचे आमिष झाली. मी त्याला तो २०१५ चा कायदा समजावून सांगितला. तो म्हणाला, "गुरुजी, कायदा तिकडचा. माणूस इकडचा." याला मी काय उत्तर द्यावे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१६ साली तत्त्व घालून दिले की नोकरी लावून देण्याचा खर्च कामगाराकडून अजिबात घेऊ नये. आपल्या नियमात मात्र परवानाधारक दलालाला तीस हजार रुपये आणि वर कर, एवढे घेण्याची मुभा आहे. आणि तीस हजारांवर जो थांबतो असा दलाल मला कुणी दाखवावा, मी त्याचा शाळेत सत्कार करीन.

पदवीधरांसाठी रस्ता निराळा आहे हेही लक्षात घ्या. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात मे २०२३ मध्ये स्थलांतराचा करार झाला. त्यातून वर्षाला तीन हजार तरुण पदवीधरांना दोन वर्षे तिथे काम करता येते, आणि त्यांना मालकाच्या प्रायोजकत्वाची गरज नाही! अभियंता, संगणकवाला, वित्तशास्त्रवाला आपल्या पायांनी हिंडून काम शोधू शकतो. गवंड्याला मात्र दावणीचा खुंटा आधी ठरवून जावे लागते. टंचाई कुणाची आहे म्हणता? गवंड्यांची!

पैसा येतो ना देशात, असे म्हणून काही शहाणे माझे तोंड बंद करू पाहतात. येतो. जगात परदेशांतून घरी पाठविला जाणारा पैसा सर्वांत जास्त भारतात येतो. २०२४ साली तो सुमारे १२९ अब्ज डॉलर होता. कोकणातल्या कित्येक घरांवरची कौले जाऊन वर स्लॅब पडला तो आखाती पैशाने. पण तो पैसा म्हणजे माणसांची मजुरी आहे, पोट मारून उरविलेली. दुसऱ्याच्या घामाचा आकडा आपल्या भाषणात घालून मिरविण्याचा हक्क सरकारला कुठून आला?

सरकारजवळ पैसा नाही म्हणावे तर तेही खोटे. १९९६ च्या कायद्यापासून आपल्याकडे प्रत्येक मोठ्या बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, आणि तो बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच घेतात. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणला की नोंदणी होते. हा पैसा खर्च न होता पडून राहतो आणि कामगारांपर्यंत पोचत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात सरकारांना चांगलेच खडसावले. त्या पैशातून भांडी-पेट्या वाटण्याचे समारंभ होतात. व्हावेत, भांडे कुणाला नको असते? पण त्याच पैशातून तालुक्याच्या गावी कसबाची एक परीक्षा का होऊ नये? फुकट, आणि जिचा दाखला पर्थलाही चालेल आणि स्टुटगार्टलाही चालेल, असे करारात लिहून घेतलेली? करार करताना आपण माणसे किती पाठवू हे लिहितो. आमच्या दाखल्याला तुम्ही काय मान द्याल, हे का लिहून घेत नाही? आणि मालकाला मिळणाऱ्या मदतीतला काही हिस्सा त्या आयटीआयकडे, त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे उमेदवारीच्या रूपाने परत का येऊ नये?

परीक्षा कशी घ्यावी याची चिंता अधिकाऱ्यांनी करू नये. त्यासाठी समिती नको, पुस्तक नको, इंग्रजी तर मुळीच नको. आयटीआयच्या आवारात हजार विटा, वाळू, सिमेंट, दोन बादल्या पाणी, एक सुतळी आणि ओळंबा ठेवावा. परीक्षक म्हणून दोन जुने मिस्त्री आणि पाहिजे तर पर्थचा एक गोरा गवंडीही बसवावा. सकाळी आठला सुरू करावे. संध्याकाळी भिंत उभी असेल, आणि तिघांनाही ती वाचता येईल.